पहाटे तीनचा बंब

आमच्या सांगलीच्या घरात तांब्याचा बंब पहाटे तीनला पेटायचा. गावभागातलं दुमजली घर, रोज जेवायला पंधरा-सोळा पानं आणि चुलत-आते मिळून आम्ही नऊ भावंडं. माडीवर एका रांगेत झोपायचो. खाली बंबात ढलप्या पडल्याचा आवाज अर्धवट झोपेत ऐकू यायचा, धुराचा वास जिन्यावरून वर यायचा आणि कूस बदलताना कोणीतरी पुटपुटायचं, "आत्या उठली." आजी शेजारणींना कौतुकानं सांगायची, "माहेरी आली तरी लेकीनं पहाटेचं उठणं सोडलं नाही."

हे १९७४ ते १९७८ मधलं. आता आमच्यातल्या सगळ्यांत धाकट्यानंही पन्नाशी ओलांडली. भाऊबीजेला जमलो की पहिल्यांदा बंबच निघतो. मग न्हाणीघराबाहेरची रांग, डोळ्यांत गेलेली शिकेकाई, एकाच तांब्यावरून झालेली भांडणं. बोलता बोलता सगळे आत्यापाशी येतात आणि आवाज खाली येतो. तिला विचारूनच हे लिहिते आहे.

आत्या दुसऱ्या बाळंतपणाला कऱ्हाडहून आली होती. मुलगा झाला, पेढे वाटले. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं यथासांग चाललं होतं. बाळ रडायचं आणि आत्या त्याच्याकडे नुसती बघत राहायची. पुढे बघेनाशी झाली. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची, केसांना फणी लावू द्यायची नाही. लाडू उशाशी तसेच राहायचे आणि आम्ही मुलं ते पळवायचो. त्याबद्दल आम्हांला कोणीही रागावलं नाही, यावरून मोठ्यांचं चित्त तेव्हा कुठे होतं ते आज कळतं. बाळाला काकूनं अंगावर पाजलं. तिचा धाकटा तेव्हा सात महिन्यांचा होता. तो आतेभाऊ अजून काकूला आई म्हणतो.

आजी म्हणाली, बाळंतरोग. शेजारी म्हणाले, नजर लागली. थोरले काका म्हणायचे, "तिनं काहीतरी मनाला लावून घेतलंय." सासरकडच्या एक बाई येऊन "सोंगं आहेत" असं म्हणून गेल्या, त्या दिवशी आजीनं त्यांना चहाही विचारला नाही. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. औदुंबरचे गुरुवार झाले. श्रावणात आजी तिला नरसोबाच्या वाडीला घेऊन गेली. कृष्णा-पंचगंगेचं पाणी देवळात चढलेलं, पादुका पाण्याखाली, आणि काठावरच्या गर्दीत आत्याचा हात घट्ट धरून उभी असलेली आजी मला दिसते. डॉक्टर घरी येऊन रक्त वाढायचं टॉनिक आणि इंजेक्शनं देऊन जायचे.

दहा किलोमीटरवर मिरज. दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातून माणसं तिथे उपचाराला यायची. आमच्या घरातले डोळे, दात, अपेंडिक्स, सगळं मिरजेला गेलं. आत्या गेली नाही. मनाचा डॉक्टर म्हटलं की येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही चार सरकारी मनोरुग्णालयंच लोकांच्या डोळ्यांपुढे यायची, आणि "तुला येरवड्याला पाठवायला पाहिजे" हे तर आम्ही मुलंसुद्धा खेळताना एकमेकांना म्हणायचो. शिवाय तिच्या मुलीचं पुढे लग्न व्हायचं होतं. मुलगी तेव्हा पाच वर्षांची! नैराश्यावरचं इमिप्रामिन हे औषध १९५०च्या दशकाच्या अखेरीस निघालं. म्हणजे आत्या भिंतीकडे तोंड करून पडली होती तेव्हा ते निघून पंधराहून अधिक वर्षं झाली होती.

मग आजीनं स्वतःचा उपाय काढला. ती आत्याच्या पुढ्यात मेथीची जुडी ठेवायची. "सगळी नको, चार काड्या निवड." दुसऱ्या दिवशी आठ. मग तांदळातले खडे. मग मोगऱ्याच्या कळ्या ओवायच्या, पण अंगणात बसून, उन्हात. काम झालं की आजी काहीही बोलायची नाही, नुसता पाठीवरून हात फिरवायची. वर्ष-दीड वर्षानं आत्या पहिल्यांदा बाळाला आंघोळ घालायला बसली आणि आजी देवघरात जाऊन रडली. गोव्यात संगथ या संस्थेनं नैराश्यासाठी एक उपचारपद्धती बसवली आहे, तिच्याविषयी मी वाचलं तेव्हा ही मेथी आठवली. तिथे मानसशास्त्राची पदवी नसलेली, पण नीट शिकवून तयार केलेली माणसं प्राथमिक आरोग्य केंद्रात सहा ते आठ भेटींत रुग्णाला बंद पडलेली छोटी छोटी कामं पुन्हा हाती घ्यायला लावतात. त्यांनी ते तोलून, मोजून, चाचण्या घेऊन सिद्ध केलं आणि लॅन्सेटनं ते छापलं. आजीपाशी माया होती आणि निरीक्षण होतं. मोजमाप नव्हतं, आणि मेथीनं भागणार नाही अशी वेळ आली तर पुढे कुठे जायचं, ते ठाऊक नव्हतं.

धाकट्या काकांच्या बाबतीत ती वेळ आली. त्यांचं थोडक्यात सांगते, कारण आम्हांला अजून ते जड जातं. धंदा बुडाल्यावर त्यांनी हाय खाल्ली. दाढी करणं सोडलं, पेपर वाचणं सोडलं. १९८२च्या उन्हाळ्यात त्यांना रात्री दवाखान्यात न्यावं लागलं आणि घरानं एकमुखानं बाहेर सांगितलं की पाय घसरला. जीव देण्याचा प्रयत्न हा दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता, पोलिसांची भीती खोटी नव्हती. काका वाचले. पण पाय घसरल्याचं एकदा ठरल्यावर त्यांना काय होत होतं हे कोणी विचारूच शकलं नाही. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ला लागू झाला. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं तो धरून चालतो, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरवतो. काका त्याआधी बारा वर्षं हृदयविकारानं गेले होते.

१९९९ साली हे दुखणं माझ्याकडे आलं. पुण्यात बँकेत होते, चौतीस वर्षांची. काउंटरवर व्हाउचरांची बेरीज करताना आकडे हाती लागायचे नाहीत. मुलाच्या डब्याचं झाकण लावायचं तर ते हातात धरून मी ओट्यापाशी किती वेळ उभी असायचे कोण जाणे. पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या. चार दिवसांत फरक वाटेना म्हणून मी त्या सोडल्या. या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि त्या आपल्या मनानं बंद करायच्या नसतात, एवढं त्यांनी सांगितलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते. अजूनही त्याचा राग येतो मला.

बँकेतल्या एका ज्येष्ठ बाई मला हाताला धरून दुसरीकडे घेऊन गेल्या. तिथल्या बाईंनी आधी पाणी दिलं. मग विचारलं, "पहाटे जाग किती वाजता येते?"

"तीनला."

"पुन्हा झोप लागते?"

"नाही. उठते आणि कामाला लागते."

बोलता बोलता माझ्या नाकात बंबाचा धूर आला. पुढे मला काही बोलवेना. नेहमीच्या वेळेच्या कितीतरी आधी जाग येणं आणि नंतर डोळा न लागणं हे नैराश्याचं ठळक लक्षण, पाठ्यपुस्तकात छापलेलं. आमच्या घरानं चार वर्षं त्याचं कौतुक केलं होतं.

दर बुधवारी पाऊण तास जायचे. त्या सल्ला देत नसत. वही घालून दिली होती. काय घडलं, त्या क्षणी मनात कोणतं वाक्य आलं आणि ते कितपत खरं आहे, असे तीन रकाने. 'माझा कोणालाही उपयोग नाही' हे वाक्य मी पानापानावर लिहिलं होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "पुरावा काय?" मी दोन आठवडे पुरावा शोधत होते. अमेरिकेत अल्बर्ट एलिस आणि एरन बेक यांनी १९५०-६०च्या दशकांत ही रीत घडवली. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी एलिस यांची पद्धत रुजवली, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ १९९०पासून काम करत होती. हे सगळं होतं, मराठीत होतं, आणि मी घरी "दाताला जाते" असं सांगून बुधवारी बाहेर पडत होते. अकरा महिने गेले. गोळ्याही घेतल्या, या वेळी नीट, डॉक्टरांनी थांबवेपर्यंत.

भावंडांना सांगायला दोन वर्षं लागली. एका लग्नात, मुहूर्त टळल्यावर, मांडवाच्या मागे खुर्च्या टाकून बसलो होतो तेव्हा बोलून गेले. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मुंबईचा चुलतभाऊ म्हणाला, "मी तीन वर्षं गोळ्या घेतोय." मग आत्याची मुलगी. नऊ जणांत आम्ही तिघं निघालो. २०१७ साली 'कासव' चित्रपट लागला तेव्हा आम्ही तिघं मुद्दाम एकत्र गेलो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटात कोकणातल्या घरी आणलेल्या एका खचलेल्या मुलावर कोणी प्रश्नांचा मारा करत नाही, त्याला जेवू घालतात, झोपू देतात. आतेबहीण माझ्या कानाशी म्हणाली, "आजीच ही."

हल्ली कानावर येतं, पूर्वी एकत्र कुटुंबं होती, डिप्रेशन-बिप्रेशन काही नव्हतं. सांगणारी माणसं बहुतेक माझ्याच वयाची असतात. त्यांना मी आमच्या घरातली ती बाजेची जागा दाखवू शकते. दुखणं होतं, आणि घरही होतं. घर होतं म्हणून आत्या जगली. उपचार नव्हता म्हणून तिची चार वर्षं गेली, तिच्या मुलाचं पहिलं पाऊल तिला आठवत नाही. बंगळुरूच्या निम्हान्सनं २०१५-१६मध्ये देशभर पाहणी केली. तिच्यात नैराश्य असलेल्या शंभरांतले सुमारे पंच्याऐंशी जण उपचाराविना आढळले. त्यांतल्या कितीतरींच्या घरी माणसं भरपूर असतील.

गेल्या भाऊबीजेला जेवताना माझी भाची म्हणाली, "मला पाचला निघायचंय, थेरपी आहे." कोणाचाही घास अडला नाही. आत्या सत्त्याहत्तरची आहे. तिनं विचारलं, "काय करतात गं तिथं?" भाची म्हणाली, "मी बोलते, त्या ऐकतात. मग विचारतात." आत्या जरा वेळ भात कालवत राहिली. "मला तीनला जाग यायची," ती म्हणाली, "अंधारात नुसतं पडवायचं नाही. म्हणून बंब पेटवायची. कोणी विचारलं नाही का उठतेस म्हणून."

आम्ही नऊही जण त्या घरात होतो.

तुमच्या घरात कोणी पहाटे तीनला उठून बसत असेल तर त्याच्याजवळ बसा आणि झोप का लागत नाही ते विचारा. मग डॉक्टरांकडे सोबत जा. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. रात्रंदिवस चालू असते, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.