नकाशात न दिसणारं पिट्सबर्ग

नवख्या शहरात उतरलेला माणूस आधी नकाशा उघडतो आणि दोन ठिकाणांमधलं अंतर मोजतो. आम्ही वाहतूक नियोजनवाले अंतराकडे सगळ्यात शेवटी बघतो. आधी विचारतो, मध्ये चढ किती आहे आणि गाडी किती मिनिटांनी येते? अमेरिकेतल्या मध्यम आकाराच्या शहरात मोटार न घेता फिरायचं असेल, तर या दोन प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडे असतील तो मजेत फिरतो. पेनसिल्व्हेनिया राज्यातलं पिट्सबर्ग हे त्याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण. २०२० च्या जनगणनेत या शहराची वस्ती तीन लाखांच्या आसपास होती. शिकायला गेलेल्या मुलांमुळे तिथे जाणारे मराठी आईवडील आता पुष्कळ असतात, म्हणून हा विषय निवडला.

शहराची सारी गुंतागुंत पाण्यापासून सुरू होते. उत्तरेकडून अ‍ॅलेघेनी नदी येते, दक्षिणेकडून मोनोंगहेला, आणि दोघींच्या संगमातून ओहायो नदी सुरू होते. संगमाच्या त्रिकोणात डाउनटाउन आहे. १७८४ मध्ये जॉर्ज वुड्स आणि थॉमस व्हिकरॉय यांनी या त्रिकोणाची आखणी केली, तेव्हा काही रस्ते एका नदीला समांतर धरले आणि काही दुसरीला. रस्त्यांच्या या दोन जाळ्या लिबर्टी अव्हेन्यूवर तिरक्या भिडतात. तिथे चौक काटकोनात नसतात, आणि दोन वळणांनंतर आपण भलत्याच दिशेला तोंड करून उभे असतो. त्यात भर म्हणजे सिक्स्थ स्ट्रीट वेगळा आणि सिक्स्थ अव्हेन्यू वेगळा. पत्ता विचारताना हा शेवटचा शब्द गाळू नये. दिशा हरवलीच तर पिवळे पूल शोधावेत. सहाव्या, सातव्या आणि नवव्या स्ट्रीटवरून अ‍ॅलेघेनी ओलांडणारे तीन पूल हुबेहूब सारखे आहेत. बेसबॉलपटू रोबेर्तो क्लेमेंते, चित्रकार अँडी वॉरहॉल आणि लेखिका रेचल कार्सन यांची नावं त्यांना दिली आहेत. ते दिसले की उत्तर सापडली.

आता चढाकडे येऊ. मोनोंगहेलाच्या दक्षिण काठावर स्टेशन स्क्वेअर आहे आणि त्याच्या अगदी डोक्यावर माउंट वॉशिंग्टनची वस्ती. नकाशावर दोन्ही एकमेकांना चिकटलेली दिसतात, पण उंचीत सुमारे ११० मीटरचा फरक आहे. या टेकडीचं जुनं नाव कोल हिल. कोळसा टेकडीत, कारखाने खाली नदीकाठी आणि कामगारांची घरं वर, अशी रचना झाली आणि रोजच्या चढउतारासाठी १८७० मध्ये मोनोंगहेला इनक्लाइन सुरू झालं. कड्यावर तिरके रूळ टाकून दोन डबे दोरखंडाला जोडलेले असतात, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. एकमेकांचं वजन ते तोलून धरतात, त्यामुळे यंत्राला फक्त फरकापुरती ताकद लावावी लागते. एके काळी शहरात अशी डझनाहून जास्त इनक्लाइन होती. आज दोनच चालू आहेत. दुसरं ड्यूकेन इनक्लाइन, १८७७ चं. ते १९६२ मध्ये बंद पडलं, तेव्हा वरच्या वस्तीतल्या रहिवाशांनी पैसे उभे केले आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा सुरू करवून घेतलं.

प्रवासी पुस्तकं या डब्यांना प्रेक्षणीय स्थळ म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. मोनोंगहेला इनक्लाइन हा शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचाच भाग आहे. बसचं कार्ड तिथे चालतं, आणि सकाळी शेजारी बसलेला माणूस बहुधा कामावर निघालेला असतो. वरून संगमाचं दृश्य जरूर बघावं, ते अप्रतिमच आहे. पण दीडशे वर्षांपूर्वीचं साधन आजही माणसांना कामाला नेतं, याचं मोल मला त्या दृश्याहून जास्त वाटतं.

इनक्लाइन नाहीत तिथे पायऱ्या आहेत. टेकड्यांवरच्या वस्त्यांमधून पायऱ्यांचे शेकडो जिने शहरानेच बांधले आहेत, आणि त्यातल्या कित्येकांची नोंद कागदोपत्री रस्ता म्हणून आहे. फोनवर जिथे रस्त्याचं नाव दिसतं, तिथे पोहोचल्यावर काँक्रीटचा लांबलचक जिना समोर येतो. गुडघे दुखणाऱ्यांनी म्हणूनच मुक्कामाची जागा ठरवताना शेवटच्या थांब्यापासून घरापर्यंतचा चढ विचारून घ्यावा. हिवाळ्यात बर्फ साचलेल्या पायऱ्यांच्या वाटेला जाऊच नये.

रेल्वेच्या बाबतीतही नकाशा पाहुण्याला चकवतो. इथल्या हलक्या रेल्वेला सगळे ‘टी’ म्हणतात. डाउनटाउनमध्ये ती भुयारातून धावते आणि २०१२ पासून अ‍ॅलेघेनीच्या पात्राखालून पलीकडच्या नॉर्थ शोअरवर जाते. या मधल्या टप्प्यात तिकीट लागत नाही. पण टीचे बाकीचे सगळे फाटे दक्षिणेकडे जातात. विद्यापीठं, मोठी इस्पितळं आणि संग्रहालयं ज्या ओकलंड भागात आहेत, तिथे रूळच नाहीत. याचं कारण जुनं आहे. शहरभर पसरलेल्या ट्रामगाड्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काढून टाकल्या गेल्या. दक्षिणेच्या ट्राम टेकडीखालच्या १९०४ च्या बोगद्यातून आणि बऱ्याच अंतरावर स्वतःच्या स्वतंत्र मार्गावरून धावत होत्या, म्हणून त्यातल्या काही वाचल्या. ज्या वाटेवर मोटारींचा हक्क नव्हता तीच टिकली, हे आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं.

पूर्वेकडे या उणिवेची भरपाई बसनं केली. १९८३ मध्ये रेल्वेमार्गाच्या कडेनं फक्त बससाठी रस्ता बांधला गेला. त्याला मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव आहे, बोलताना लोक नुसतं ईस्ट बसवे म्हणतात. मोटारी नाहीत, सिग्नल नाहीत, त्यामुळे ‘पी १’ ही बस गर्दीच्या वेळीही डाउनटाउनहून ईस्ट लिबर्टीला झपाट्यानं पोहोचते. मोठा खर्च न करता शहराची गती कशी वाढवावी, हे बघायला आपल्याकडच्या नियोजनकारांनी इथे जरूर यावं.

ओकलंडला जायला ६१ आणि ७१ या क्रमांकांच्या बस आहेत. क्रमांकापुढे ए, बी, सी, डी अशी अक्षरं असतात. डाउनटाउन ते ओकलंड यांतली कुठलीही चालते, त्यापुढे मात्र अक्षराप्रमाणे वाटा फुटतात. एकाच वाटेनं अनेक बस जात असल्यामुळे इथे फार थांबावं लागत नाही, म्हणून पाहुण्यानं खोली शक्यतो या पट्ट्यात घ्यावी. स्वस्त पण तासाला एक बस असलेल्या वस्तीतली खोली शेवटी महागात पडते. ओकलंडमध्ये रस्ता ओलांडताना एक काळजी घ्या. अमेरिकेत वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून आधी डावीकडे बघायची सवय लावावी लागते. पण फिफ्थ अव्हेन्यू मोटारींसाठी एकेरी असला तरी तिथे बसची मार्गिका उलट दिशेनं जाते. दोन्हीकडे बघितल्याशिवाय पाऊल टाकू नये.

या बस पुलांवर किती अवलंबून आहेत, हे २८ जानेवारी २०२२ च्या पहाटे साऱ्या देशानं पाहिलं. फर्न हॉलो दरीवरचा पूल कोसळला तेव्हा ६१ बी ही बस पुलावरच होती. सुदैवानं कोणीही दगावलं नाही, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नवा पूल वाहतुकीला खुला झाला. शहरात असे चारशेहून जास्त पूल आहेत. एखादा दुरुस्तीला घेतला की मार्ग बदलतात, तेव्हा निघण्याआधी थांब्यावरची सूचना वाचायला हवी.

विमानतळावरून ‘२८ एक्स’ ही बस डाउनटाउन आणि थेट ओकलंडपर्यंत येते, आणि तिला शहरातल्या बसइतकंच भाडं पडतं. रोख देणार असाल तर नेमकी रक्कम हातात ठेवा, कारण चालक सुटे परत देत नाही. कार्ड घेतलं तर एकाच भाड्यात तीन तास गाड्या बदलता येतात.

मोटारीशिवाय सगळं जमतं असा आग्रह मी धरणार नाही. पेन हिल्समधलं श्री व्यंकटेश्वर मंदिर अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या पारंपरिक हिंदू मंदिरांपैकी एक आहे. महामार्गावरून त्याचं पांढरं गोपूर दिसतं आणि आपल्याकडचे पाहुणे तिथे हमखास जातात. ते शहराच्या हद्दीबाहेर आहे, आणि तेही टेकडीवर. घरात वयस्कर माणसं असतील तर सरळ टॅक्सी करावी, किंवा ओळखीच्या कुणाला तरी सोबत घेऊन जावं.