थोडकीं गाणीं

मनुष्याच्या कर्तृत्वाचें माप आपण बहुधा संख्येनें घेतों. अमुक कवीनें इतके ग्रंथ रचिले, तमुक गवयानें इतकीं वर्षें मैफली गाजविल्या, असें ऐकिलें म्हणजे त्याची थोरवी आपणांस पटते. ह्या मापांत न बसणारा एक संगीतकार एकोणिसाव्या शतकांत फ्रान्स देशांत होऊन गेला. त्याचें नांव आंरी द्युपार्क. त्याचीं गीतें मोजूं गेल्यास सोळा-सतरांहून अधिक भरत नाहींत. तथापि फ्रेंच गीतांचा विषय निघाला कीं त्याचें नांव घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

फ्रेंच लोक ज्यास 'मेलोदी' म्हणतात तें गीत नाटकांतलें नव्हे, प्रार्थनामंदिरांतलें नव्हे, आणि रस्त्यावरचेंही नव्हे. चांगल्या कवीची कविता घ्यावयाची, तीस एक कंठ व एक पियानो ह्यांसाठीं स्वर द्यावयाचे, आणि दिवाणखान्यांत अगर लहानशा सभागृहांत मोजक्या रसिकांपुढें तें गीत म्हणावयाचें, असा हा प्रकार आहे. बेर्लिओझनें 1841 सालीं गोतिए कवीच्या सहा कवितांस स्वर दिले; पुढें फोरे, देब्युसी, राव्हेल ह्यांनीं ही परंपरा वाढविली, आणि 1963 सालीं निवर्तलेल्या पूलांकनें ती विसाव्या शतकाच्या मध्यापलीकडे नेली. आपल्याकडे पेटी गळ्याच्या मागोमाग चालते. मेलोदींत पियानोस स्वतःचें बोलणें असतें. गायक जें उच्चारीत नाहीं तें पुष्कळदां पियानो सांगतो.

ह्या गीतांची गोडी त्यांच्या भाषेंतही आहे. फ्रेंच शब्दांवर आघात फार हलका पडतो, म्हणून चालही समजुतीनें, जणूं बोलल्यासारखी वाहते. शिवाय कित्येक शब्दांच्या शेवटीं एक क्षीण स्वर असतो. बोलतांना तो लुप्त होतो, पण गातांना त्यास स्वतंत्र सूर मिळतो. आमच्या विद्यार्थ्यांस हें नवल वाटूं नये. 'कमल' म्हणतांना शेवटचा अकार आपणही गिळतों, आणि श्लोक वृत्तांत म्हणूं लागलों कीं तोच अकार पूर्ण उच्चारितों.

द्युपार्कचा जन्म पॅरिस येथें 1848 सालीं झाला. जेझुइट पाद्र्यांच्या शाळेंत असतांना त्यास सेझार फ्रांक हे थोर शिक्षक लाभले. 1870 सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, त्यानें बोदलेअर कवीच्या एका कवितेस स्वर दिले. दूरच्या, शांत, उजेडानें न्हालेल्या एका देशास चलण्याचें निमंत्रण असा तिचा आशय आहे. मूळ कवितेंत तीन कडवीं आहेत; द्युपार्कनें मधलें सोडून दोनच घेतलीं. आरंभींच पियानोच्या खर्जांत षड्ज व पंचम एकत्र धरिलेले ऐकूं येतात, आणि त्यांवर वरचे स्वर मंद लाटांप्रमाणें हालत राहतात. पहिल्या कडव्याच्या शेवटीं मात्र लाटा थबकतात आणि गळा जवळजवळ एकाच स्वरावर स्थिर होतो. ज्या शांतीचें वर्णन कवीनें केलें, ती तेथें प्रत्यक्ष उभी राहते.

1884 सालीं त्याचें अखेरचें गीत झालें. तेंही बोदलेअरच्याच कवितेवर होतें. पुढील वर्षीं, वयाच्या सदतिसाव्या वर्षीं, मज्जातंतूंच्या विकारानें त्याची रचना थांबली. आपल्या लिखाणांतील पुष्कळसें त्यानें स्वतःच्या हातानें नष्ट केलें. नंतर दृष्टीही गेली. 1933 सालीं तो निवर्तला.

आमचे वडील बंधू पेटी फार गोड वाजवीत. हाताच्या दुखण्यानें त्यांचीं बोटें वळेनाशीं झालीं, तेव्हां त्यांनीं चाळिशीही गांठली नव्हती. घरचीं माणसें त्यांच्यादेखत गाण्याचा विषय टाळूं लागलीं. द्युपार्कचें तें गीत ध्वनिमुद्रणावरून आम्हीं त्यांच्या शेजारीं बसून ऐकिलें. आरंभींचे स्वर निघतांच ते म्हणाले, "अरे, हा तर तंबोरा!" मग आम्हीं त्यांस द्युपार्कचें चरित्र सांगितलें. त्यांनीं एवढेंच विचारिलें, "पुढचीं अठ्ठेचाळीस वर्षें तो करीत काय होता?" डोळ्यांनीं साथ दिली तोंवर चित्रें काढीत होता, घरच्यांत रमत होता, जुन्या कांहीं गीतांस वाद्यवृंदाची साथ लिहीत होता, असें आम्हीं सांगितलें. बंधू बराच वेळ बोलले नाहींत. पुढच्या आठवड्यांत त्यांनीं पेटीवरची धूळ पुसली आणि शेजारच्या मुलीस ती शिकविण्यास आरंभ केला. तिचा चुकलेला सूर ते डोळे मिटूनच दाखवीत.

परीक्षेचे गुण आणि बक्षिसें मोजणाऱ्या विद्यार्थ्यांस, आणि त्यांच्याहून अधिक बारकाईनें तीं मोजणाऱ्या पालकांस, ह्या सोळा-सतरा गीतांची आठवण असावी अशी आमची इच्छा आहे. त्यांपैकीं एखादें ऐकण्याचा योग आल्यास प्रथम कवितेचा अर्थ कोणाकडून तरी समजून घ्यावा. मग एकदां केवळ गळा ऐकावा, दुसऱ्यानें केवळ पियानो, आणि तिसऱ्यानें दोन्ही मिळून. तिन्ही वेळां मिळून पाव तासही लागत नाहीं.