सातमाळ्याच्या डोंगरातील पितळखोरा

हल्ली आपल्यातली काही मंडळी थायलंड, श्रीलंका, म्यानमार अशा बौद्ध देशांची यात्रा करून येतात. परत आल्यावर विहारात त्यांचे अनुभवकथन होते. त्यात उत्तर थायलंडमधल्या च्यांग माई प्रांताचे वर्णन आले की बायामाणसे कान देऊन ऐकतात. चहूकडे डोंगर, डोंगरावर विहार, विहाराच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी लांबच लांब नाग, पहाटे भिक्खूंना भोजनदान द्यायला रस्त्याच्या कडेला थांबलेली माणसे, आणि त्याच डोंगरांत राहणारे करेन, ह्मोंग असे डोंगरी लोक. ऐकणाऱ्याला वाटते, आपल्याला हे कधी पाहायला मिळणार? कंपनीतली कंत्राटी नोकरी, मुलांची फी, घराचा हप्ता. यातून थायलंडचे तिकीट कुठून काढायचे?

आमचे म्हणणे असे की, तिकीट निघेल तेव्हा निघेल. तोवर आपल्याच जिल्ह्यात, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर असाच डोंगर आहे, डोंगरात विहार आहे आणि पायऱ्यांजवळ नागसुद्धा आहे. त्या ठिकाणाचे नाव पितळखोरा. वेरूळ-अजिंठ्याला शाळेच्या सहलीतून सगळेच जाऊन येतात. पितळखोऱ्याला कोण गेले, असे आमच्या वस्तीत विचारले तेव्हा चारच हात वर झाले. म्हणून गेल्या वर्षी वर्षावास संपल्यावर एका रविवारी आम्ही बायका-मुलांसह बावीस जण दोन क्रूझर ठरवून निघालो.

डोंगरातली वाट

दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ मागे टाकत जुन्या रस्त्याने कन्नड गाठले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका, कपाशी आणि अद्रकीची शेते. कन्नडपासून पुढे चाळीसगावकडे जो घाट उतरतो त्याला औट्रम घाट म्हणतात. औट्रम हा इंग्रज लष्करी अधिकारी. १८२५ च्या सुमारास खानदेशातल्या भिल्लांना काबूत आणण्यासाठी इंग्रजांनी त्यांचीच पलटण उभी केली, ती याने. ज्यांचा हा डोंगर, त्यांचे नाव घाटाला मिळाले नाही. त्यांना ताब्यात आणणाऱ्या साहेबाचे मिळाले. घाट उतरण्याआधीच आपल्याला कालीमठाच्या बाजूचा रस्ता धरावा लागतो.

हा सगळा मुलूख गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा. १९८६ साली ते जाहीर झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे. साग, पळस, सालई, सीताफळ अशी झाडे. भिल्ल, ठाकर, बंजारा, गवळी असे समाज या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. कुठे तांडा, कुठे चार-सहा झोपड्यांची वाडी. रस्त्याला एक म्हातारी सीताफळांची पाटी घेऊन बसली होती. आमच्यातल्या बायांनी भाव न पाडता पाटी घेतली, तशी ती बोलती झाली.

"लेण्यात चालले व्हय? आमी ल्हान व्हतो तवा पाऊस लागला की ढोरं घिऊन तिथंच बसायचो. लई थंडगार."

"कोणी कोरली म्हणतात, आजी?"

"म्हणत्यात पांडवानं. एका रातीत. खरं खोटं कुणाला ठावं, बाई."

तिचे बोलणे आमच्या पोरांनी ऐकून ठेवले होते. त्याचा उलगडा पुढे लेण्यात व्हायचा होता.

खोऱ्यात उतरताना

गाडी थांबते ते पठार उघडेबोडके. इथे लेणी असेल अशी शंकाही येत नाही. कड्याच्या टोकाशी गेल्यावर पायाखालची जमीन एकदम तुटते आणि खोल खोरे दिसते. तिथून पुष्कळ पायऱ्या उतरून ओढ्याकाठी यावे लागते. आमच्याबरोबर पासष्टीच्या एक ताई होत्या. घरोघरची धुणीभांडी करून त्यांनी चार मुले शिकवली. गुडघे दुखत होते, पण "खाली बसून मी काय करू?" म्हणत त्या प्रत्येक वळणावर टेकत टेकत उतरल्या. पावसाळा नुकताच सरला होता. कड्यावरून पाण्याची बारीक धार अजून पडत होती.

खोऱ्याच्या दोन बाजूंना मिळून चौदा लेणी आहेत. त्यांतली चार चैत्यगृहे, बाकी भिक्खूंच्या निवासाचे विहार. कोरण्याचे काम इसवी सनापूर्वी सुमारे दोनशे वर्षांपासून सुरू झाले. म्हणजे अजिंठ्यातली जी चित्रे आपण कॅलेंडरवर पाहतो, त्यांच्याही कित्येक शतके आधी. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवण्याची चाल नव्हती. स्तूपाला वंदन होत असे. त्यामुळे जुन्या कोरीव कामात मूर्ती शोधली तर सापडत नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या चैत्यगृहात खांबांवर बुद्धाची रंगीत चित्रे पुसट दिसतात, ती नंतरच्या शतकांतली आहेत.

पाहणाऱ्याने आधीच मनाची तयारी करावी, कारण इथे पडझड फार आहे. इथला खडक ठिसूळ. पाणी मुरून मुरून लेण्यांचे दर्शनी भागच कोसळले. मोठ्या चैत्यगृहाची समोरची भिंत नाही, आतल्या स्तूपाचा बुडखा तेवढा उरला आहे. पुरातत्त्व खात्याने सिमेंटचे टेकू आणि खांब देऊन पुष्कळसे सावरले आहे.

तरी जे उरले ते पाहून माणूस थक्क होतो. चौथ्या लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे. पाठीवर साऱ्या विहाराचा भार घेऊन ते उभे आहेत असे वाटते. दाराशी ढाल आणि भाला घेतलेले द्वारपाल आहेत, त्यांच्या अंगात शिवलेले अंगरखे आहेत. आमच्यातल्या शिंपीकाम करणाऱ्या भावाने शिवण बोटाने न शिवता, जवळून निरखून पाहिली. पायऱ्यांच्या शेजारी पाच फण्यांचा नाग आहे. विहारातले पाणी खडकातल्या वाटेने आणून त्याच्या फण्यांतून बाहेर सोडण्याची सोय केली होती. पावसाचे पाणी अडवून साठवण्याची व्यवस्थाही इथे आहे. ज्या शहरात नळाची वाट पाहण्यात बायांचे दिवसच्या दिवस गेले, त्या शहरातल्या बाया त्या नागापाशी बराच वेळ उभ्या होत्या.

दात्यांची नावे

हत्तींच्या समोर बसून भाकरी-ठेचा खाताना सहावीतल्या एका पोराने विचारले, "काका, मग पांडवांनी कोरली का?" याचे उत्तर लेण्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

आमचा जन्म पावत्या आणि खतावण्यांत गेला. दान घेतले की पावती फाडायची आणि वहीत नाव चढवायचे, ही आमची सवय. पितळखोऱ्याच्या भिंतींवर आणि खांबांवर ब्राह्मी लिपीत अशाच पावत्या कोरलेल्या आहेत. एका खांबाचे दान पैठणच्या मितदेवाचे; हा सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातला. दुसऱ्या खांबाचे दान पैठणच्याच संघकाच्या मुलांचे. विहारातले दान राजवैद्य मगिलाचे. त्याचा उल्लेख वच्छीपुत्र असा, म्हणजे आईच्या गोत्रावरून आहे. त्याच्या मुलाचे, दतकाचे दान वेगळे नोंदले आहे. आणि मगिलाच्या मुलीचे, दत्ता नावाच्या लेकीचे दानही वेगळे, तिच्या स्वतःच्या नावाने नोंदले आहे.

१९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्याच्या म. न. देशपांडे यांनी इथला गाळ आणि राडारोडा उपसून काढला आणि १९५९ साली त्याचा सविस्तर अहवाल छापला. त्या राडारोड्यात एक ठेंगणा, ढेरपोट्या, हसऱ्या तोंडाचा यक्ष सापडला. डोक्यावर वाडगे धरलेला हा यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचे नाव आहे : कण्हदास, धंद्याने सोनार. इथल्या आणखी काही मूर्ती मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

या नावांत राजा नाही. राजाचा वैद्य आहे, अत्तरवाला आहे, सोनार आहे. पैठण कुठे, पितळखोरा कुठे. मधे शंभरावर किलोमीटरचे अंतर. पैठणहून उत्तरेकडे जाणारा व्यापाराचा मार्ग याच डोंगरातून खानदेशात उतरत होता. त्या वाटेने जाणाऱ्यांनी एक एक खांब, एक एक खोली आपल्या कमाईतून दिली. हेही सांगितले पाहिजे की, ज्यांनी छिन्नी-हातोडा धरून वर्षानुवर्षे हा डोंगर पोखरला त्या पाथरवटांची नावे या दानलेखांत नाहीत. कण्हदासासारखा एखादाच आपले नाव ठेवून गेला. आपण कामगार माणसे, म्हणून ही गोष्ट आपल्या ध्यानात अधिक राहावी. पांडवांची गोष्ट सांगितली की दाते आणि पाथरवट दोघेही पुसले जातात.

च्यांग माईचा रस्ता

इथे पुन्हा च्यांग माईची आठवण होते. तिथल्या दोई सुथेप डोंगरावर चौदाव्या शतकापासूनचा प्रसिद्ध विहार आहे. 'दोई' म्हणजे डोंगर. पांढऱ्या हत्तीच्या पाठीवर बुद्धाचा अस्थिधातू ठेवला, तो हत्ती जिथे जाऊन थांबला तिथे विहार बांधला, अशी आख्यायिका लोक सांगतात. विहाराच्या पायऱ्यांना नागांचे कठडे आहेत. पण डोंगराखालून तिथवर गाडीरस्ता नव्हता. क्रुबा श्रीविजय नावाच्या भिक्खूने हाक दिली आणि नोव्हेंबर १९३४ ते एप्रिल १९३५ या सहा महिन्यांच्या आत सुमारे ११ किलोमीटरचा रस्ता लोकांनी श्रमदानाने खोदला. हा भिक्खू गरीब घरचा. वरिष्ठांच्या परवानगीशिवाय दीक्षा देतो म्हणून त्याच्यावर चौकशा झाल्या होत्या. तरी शहरातली, खेड्यातली आणि डोंगरातली करेन माणसेही त्याच्या शब्दावर आली.

तिथे ही दानाची आणि श्रमाची परंपरा तुटली नाही, म्हणून विहार भरलेले आहेत. आपल्याकडे ती मधे शेकडो वर्षे खंडित झाली. पितळखोऱ्यात गुरे बसू लागली. ज्या दशकात इथला गाळ उपसला जात होता, त्याच दशकात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी नागपूरला लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. त्यानंतर वस्त्यावस्त्यांत विहार उभे राहिले ते कोणाच्या पैशावर? महिन्याच्या पाच-दहा रुपयांच्या वर्गणीवर, रविवारच्या सुट्टीत उचललेल्या घमेल्यांवर. मितदेवाने जे केले तेच आपल्या आई-बापांनी केले.

हे बोलणे चालू असताना त्या पासष्टीच्या ताई म्हणाल्या, "त्या वैद्याच्या पोरीचं नाव दोन हजार वर्षं राह्यलं म्हणता. मी आपल्या विहाराला दर महिन्याला धा रुपये देत होते, धुण्याच्या पैशातून. सिमेंटबी डोक्यावर वाह्यलं. पाटीवर नाव कोणाचं? आमच्या मालकाचं. त्यांनी तर कधी रुपया दिला न्हाई."

सगळे हसले. पण ते हसणे फार वेळ टिकले नाही. बाकीच्या बायाही एकमेकींकडे पाहू लागल्या.

पुढच्या रविवारी विहाराच्या बैठकीत हा विषय निघाला. "जुनी पाटी आहे, कशाला हात लावता?" असे काही जण म्हणाले. पाटीच्या खर्चाचाही प्रश्न आला. तेव्हा जुन्या वर्गणीच्या वह्या काढल्या. वहीत सदतीस बायांची नावे त्यांच्या स्वतःच्या सहीने किंवा अंगठ्याने निघाली. पाटीवर त्यांतले एकही नव्हते. ठराव मंजूर झाला. दुसरी फरशी बसली आणि तिच्यावर ती सदतीस नावे कोरली गेली. त्यांतल्या अकरा जणी आता हयात नाहीत.

जाणाऱ्यांसाठी

पावसाळा सरल्यापासून हिवाळ्यापर्यंतचा काळ चांगला. भर पावसात ओढ्याला पाणी असते आणि पायऱ्या निसरड्या होतात, लहान मुलांना नेऊ नये. पाणी आणि जेवण बरोबर घ्यावे. चढण दमवणारी आहे, म्हणून म्हाताऱ्या माणसांसाठी परतीचा वेळ हाताशी ठेवावा. कचरा परत आणावा. भिंतीला, चित्रांना हात लावू नये. मेणबत्ती-अगरबत्तीचा धूर चित्रांना मारक असतो, वंदना हात जोडून होते. दगडावर आपले नाव कोरणाऱ्याला तिथेच अडवावे. वाटेवरच्या वाडी-तांड्यातल्या माणसांकडून चार वस्तू विकत घ्याव्यात, त्यांच्याशी बोलावे.

आणि जाण्याआधी मितदेव, संघकाची मुले, मगिल, दतक, दत्ता, कण्हदास ही नावे मुलांकडून पाठ करून घ्यावीत. परत आल्यावर आपल्या विहाराची वर्गणीची जुनी वही एकदा उघडून पाहावी, एवढीच वाचक बंधू-भगिनींना विनंती.