बेटावरची सुटी आणि परवानगीचा अर्ज

सरकारी नोकराची सुटीसुद्धा नियमांनी बांधलेली असते. केंद्रीय नागरी सेवा (रजा प्रवास सवलत) नियम, १९८८ यांत चार-चार वर्षांचे गट आखलेले आहेत आणि त्या मुदतीत एकदा भारतात कोठेही जाण्याची मुभा मिळते. २०२६ ते २०२९ हा गट सुरू झाला आणि आमच्या घरात अंदमानचे नाव निघाले.

आमचे बिऱ्हाड रायपूरला, तेलीबांधा भागात. छत्तीसगडला समुद्र नाही. त्याची भरपाई म्हणून की काय, तेलीबांधा तलावाच्या काठाला सारे शहर 'मरीन ड्राइव्ह' म्हणते. अशा गावात वाढलेल्या आमच्या चौदा वर्षांच्या कन्येला समुद्रात बुडी मारून प्रवाळ पाहायचे आहेत. यजमानांना पक्षी पाहायचे आहेत आणि सासूबाईंना सावरकरांची कोठडी. नियोजन अर्थातच माझ्याकडे आले.

डायव्हिंगचे वेळापत्रक समुद्र आणि शरीर हे दोघे मिळून ठरवतात. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात तेथील पाणी बहुधा शांत असते. दहा मीटर खोलीवर शरीरावरचा दाब दुप्पट होतो व रक्तात अधिक नायट्रोजन विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडण्याआधीच विमानात बसल्यास त्याचे बुडबुडे होऊन इजा होऊ शकते. म्हणून शेवटची बुडी आणि विमान यांत अठरा ते चोवीस तासांचे अंतर ठेवतात. साहजिकच स्वराज द्वीप (२०१८ पर्यंतचे हॅवलॉक) आधी आले आणि श्री विजयपुरम (२०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर) येथील सेल्युलर जेल शेवटच्या दिवशी. हे सासूबाईंना भीतभीतच सांगितले. त्या म्हणाल्या, "अगं, तात्याराव १९११ ते १९२१ तिथे होते. मला चार दिवस थांबायला काय झालं?"

खरी अडचण पक्ष्यांपाशी आली. यजमानांना नारकोंडम धनेश पाहायचा होता. हा पक्षी साऱ्या जगात केवळ नारकोंडम या सुमारे सात चौरस किलोमीटरच्या बेटावर नांदतो. बेट अभयारण्य आहे. हौशी प्रवाशासाठी ते खुले नाही. या चिमुकल्या बेटावर तटरक्षक दलाला रडार उभारायचे होते. पर्यावरण मंत्रालयाने तो प्रस्ताव २०१२ साली नाकारला आणि २०१४ साली मान्य केला. सुरक्षेची गरज खोटी नव्हती आणि पक्ष्याला दुसरे घर नाही हेही खोटे नव्हते. अशा नस्तीवर शेरा लिहिणे किती अवघड असते, हे या व्यवसायातील माणसाला वेगळे सांगायला नको.

दुसरा प्रश्न बाराटांगचा. तेथील चुनखडीच्या गुहा कन्येच्या यादीत होत्या. तिकडे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवांच्या राखीव क्षेत्रातून जातो. जारवा केवळ काही शे उरले आहेत. १९५६च्या विनियमाने अशा क्षेत्रांत परक्यांना मज्जाव केला. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातील रस्ता बंद करण्याचा आदेश दिला. तरीही वाहनांचे ताफे तेथून जात राहिले. २०१२ साली जारवा स्त्रियांना खाण्याच्या बदल्यात नाचायला लावल्याची चित्रफीत जगापुढे आली. ताफ्यात थांबण्यास व छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, हे खरे. परंतु काचेआडून माणसे दिसावीत या आशेने बसलेल्या प्रवाशाच्या मनाला कोणता नियम मनाई करणार?

"आई, तू अधिकारी आहेस ना? तुझ्या ओळखीचं कोणी तिथे नाही का? नारकोंडमला तरी सोडतील." कन्येचा हा प्रश्न तिच्या दृष्टीने सरळ होता. तशी ओळख आहेही. एक फोन केला असता तर निदान चौकशी झाली असती. परंतु आयुष्यभर टेबलाच्या या बाजूला बसून मी जे अर्ज नाकारले, त्यांतील कित्येक असेच 'फक्त आमच्यापुरते' होते. प्रत्येक अपवाद एकटा पाहिला तर निरुपद्रवी असतो. शंभर अपवादांची पायवाट होते आणि पायवाटेचा पुढे रस्ता होतो. मी फोन केला नाही. बाराटांगही यादीतून वगळले. ती दोन दिवस माझ्याशी मोजकेच बोलली.

तिचा रुसवा एका वेगळ्याच माहितीने गेला. वंडूरजवळ १९८३ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय व रेडस्किन ही दोन बेटे प्रवाशांसाठी आळीपाळीने उघडतात. वर्षातील काही महिने एक, उरलेले महिने दुसरे. जॉली बॉयवर प्लास्टिक नेण्यास बंदी आहे. प्रवाळांना २००१पासून वन्यजीव कायद्यात वाघाइतकेच संरक्षण आहे. तुटका तुकडाही खिशात घालता येत नाही. "म्हणजे बेटालाही रजा मिळते?" तिने विचारले.

वाचकहो, आपण मराठी माणसे घरापासून दूर, निरनिराळ्या मुलखांत राहतो आणि तेथील नियमांना पुष्कळदा नावे ठेवतो. मीही ठेवते. परंतु लवचिक आणि कडक दोन्ही असलेली, एका दाराला कुलूप लावताना दुसरे उघडणारी अशी योजना आपल्याला आपल्या गावच्या तलावासाठी तरी सुचली आहे काय? तेलीबांध्याच्या काठावर बाराही महिने दिवे, खाद्यपदार्थांच्या गाड्या आणि गर्दी असते. त्या पाण्याला रजा नाही.

बाराटांगचा मोकळा झालेला दिवस आता वंडूरला दिला आहे. दोहोंपैकी जे बेट उघडे असेल ते पाहू. यजमानांनी चिडिया टापूच्या पक्ष्यांवर समाधान मानले आहे. रजेचा अर्ज वरिष्ठांकडे गेला आहे. तो नाकारला गेलाच, तर निदान कारण लेखी मिळावे, एवढीच अपेक्षा.