लिफ्टसमोरचा ड्रम

मला गाणी आवडतात आणि आवाज सोसत नाहीत. हे सांगितलं की समोरचा हसतो, म्हणून आधीच स्पष्ट करते. माझं ऐकणं उत्तम आहे, ऑडिओमेट्रीचा रिपोर्ट नॉर्मल आहे. पण हातातून ताट पडलं, वाऱ्याने दार आपटलं, लग्नाच्या हॉलमध्ये माइक किंचाळला, की मला चटका बसतो. खरोखरचा, अंगावर. ईएनटी डॉक्टरांनी याला हायपरअ‍ॅक्युसिस म्हटलं. नाव मिळाल्याने बरं वाटलं, त्रास तेवढाच राहिला.

अशा माणसाला गाणं सुचवताना मित्र म्हणतात, ‘हे ऐक, एकदम सॉफ्ट आहे.’ सॉफ्टच्या यादीत सायमन आणि गारफंकल हटकून असतात. आणि त्यांच्यातलं ‘द बॉक्सर’ असतंच असतं.

१९६९ सालचं, पाच मिनिटांच्या थोडं वरचं गाणं. सुरुवातीला बोटांनी छेडलेली गिटार आणि कानाशी येऊन बोलावं तसे दोन आवाज. एक गरीब मुलगा घर सोडून न्यूयॉर्कला येतो, काम शोधतो, थंडीत कुडकुडतो. तुम्ही त्याच्या मागोमाग चालत जाता. मग ध्रुवपद येतं. त्यात शब्द नाहीत, नुसती अक्षरं आहेत. पॉल सायमनला तिथे शब्द सुचले नाहीत आणि तात्पुरती घातलेली अक्षरंच कायम राहिली. आणि त्या अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत, धाड! ड्रम.

हा ड्रम असा कसा वाजतो, त्याचं कारण फार छान आहे. रेकॉर्डिंग इंजिनिअर रॉय हॅली यांना मोठ्या पोकळीत घुमणारा आवाज हवा होता. म्हणून न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या स्टुडिओत ड्रम लिफ्टसमोर मांडला आणि हॅल ब्लेन यांनी तो तिथे वाजवला. लिफ्टच्या उभ्या बोगद्याने तो आवाज घुमवला. ब्लेन एक आठवण सांगत: एकदा नेमका फटका पडताना लिफ्टचं दार उघडलं आणि आतला वयस्कर सुरक्षारक्षक घाबरून गेला. या गाण्याने दचकलेला तो बहुधा पहिला माणूस. माझा जातभाई.

आता माझ्यातली इंजिनिअर बोलते. आपण ‘मोठा आवाज’ म्हणतो तेव्हा दोन गोष्टींची गल्लत करतो: आवाज किती आहे आणि तो किती झटकन आला. दहा डेसिबल वाढले की आवाज साधारण दुप्पट वाटतो, हे झालं पहिलं. पण दचकणं मुख्यतः दुसऱ्यावर ठरतं. हळूहळू चढत जाणारा आवाज शरीर पचवतं. शांततेतून एकदम उसळलेला आवाज मेंदूला विचार करायला वेळच देत नाही, मान आणि खांदे आधीच आखडतात. ‘द बॉक्सर’मध्ये हाच खड्डा आहे. कडवी हळू असल्यामुळे तुम्ही व्हॉल्यूम वाढवता. नॉइज कॅन्सलिंग इअरबड असतील तर आजूबाजूचा उरलासुरला आवाजही गेलेला असतो. मग फटका बसतो. स्ट्रीमिंग अ‍ॅपमधलं व्हॉल्यूम सारखं करणारं सेटिंग इथे कामाचं नाही, कारण ते एक गाणं दुसऱ्याच्या पातळीला आणतं. एकाच गाण्यातले चढउतार तसेच ठेवतं.

मग हे गाणं आमच्यासारख्यांना चालतं का? कोण विचारतंय त्यावर आहे. मायग्रेन चालू असेल तर नाही, त्या दिवशी कुठलंच नाही. मिसोफोनिया असलेल्यांना, म्हणजे ठरावीक बारीक आवाजांची चीड येणाऱ्यांना, ड्रमचं काही वाटणार नाही कदाचित. पण बास हार्मोनिकाची खर्जातली घरघर नकोशी होईल. नुसतं दचकणाऱ्यांना पहिला फटका जड जाईल, पुढचे नाहीत, कारण ते सुरात ठरलेल्या जागीच येतात. आणि माझ्यासारख्यांनी शेवट सांभाळावा. तिथे ध्रुवपद मिनिटाहून जास्त चालतं, व्हायोलिनं थरावर थर चढतात, ड्रम थांबत नाही. मग सगळं ओसरतं आणि गिटार उरते.

माझी युक्ती साधी आहे. आधी ध्रुवपदावर जायचं, तिथे सोसेल एवढा व्हॉल्यूम ठरवायचा आणि मग गाणं पहिल्यापासून लावायचं. कडवी जरा पुसट ऐकू येतात. येऊ देत.

ही युक्ती मी कुठल्या लेखातून घेतली नाही. लहानपणी मला कुकरच्या शिट्टीची धास्ती होती. आईने कुकर लावायचं थांबवलं नाही. सहा माणसांचं घर, कसं थांबवणार? पण वाफ फसफसायला लागली की ती स्वयंपाकघरातून हाक मारायची, ‘होईल गं आता.’ शिट्टी तेवढीच मोठी व्हायची. मी तेवढी दचकायचे नाही. ‘सवय कर’ असं मला नातेवाईक, शिक्षक, मॅनेजर सगळ्यांनी सांगितलं. आधी कळवायचे कष्ट घेतले ते आईने.

मित्रांच्या गाडीत, पार्टीत मी ‘आवाज कमी कर’ म्हणणारी मुलगी आहे. अशा मुलीला लोक हळूहळू बोलवेनासे होतात, वाईटपणाने नाही, तिला त्रास नको म्हणून. मला त्याची जास्त भीती वाटते. कापूस घालून घरी बसणं सोपं आहे, पण सतत कान झाकले तर ते आणखी हळवे होतात, असं डॉक्टरांनीही बजावलंय.

म्हणून कोणी ड्रम काढलेलं ‘द बॉक्सर’ करून दिलं तरी मला नको. ती गोष्टच मार खाल्लेल्या माणसाची आहे. मुष्टियोद्धा प्रत्येक ठोशाची खूण अंगावर वागवतो, चिडून, शरमून ‘जातो मी’ म्हणतो आणि तरी उभा असतो. ठोसे काढले तर तो नुसताच उभा राहिलेला माणूस. फक्त, गाणं पाठवताना खाली एक ओळ लिहा: ‘ध्रुवपदात ड्रम आहे, जपून.’ एवढं पुरतं. बाकीचं मी ऐकून घेईन.