तारेपलीकडची माणसं

उद्यमबाग, बेळगाव
रविवार, रात्री

चि. बाळास,


अक्काचा फोन आला होता. म्हणाली, पोरगं पेन्शनीत येऊन चार महिने झाले, आता कॉलेजात जातो म्हणतंय, तूच काहीतरी सांग. मी तुला समजावून इथल्या एखाद्या फॅक्टरीच्या गेटावर उभा करीन, असं तिला वाटलं असावं. जागा आहे, खोटं नाही. बारा तासांची पाळी, पगार वेळेवर. पण मी तिला म्हणालो, त्याला शिकू दे. फक्त कुठं आणि काय शिकायचं, याबद्दल मला तुझ्याशी भांडायचं आहे.

आधी कागदाचं. पलटणीतून निघताना तुला ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट मिळालं असेल. त्याच्या भरवशावर एम. ए.चा फॉर्म भरू नकोस. दहावी पास आणि १५ वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला ‘क’ गटाच्या राखीव जागेसाठी पदवीधरासारखा धरावा, असा केंद्राचा १९८६ सालचा नियम आहे. तो नोकरीपुरता. विद्यापीठाच्या प्रवेशाला पदवी ती पदवीच लागते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. एका विद्यापीठाच्या खिडकीवर त्यांनी माझा फॉर्म घेतला, फी घेतली आणि आठ महिन्यांनी ‘अपात्र’ असा शेरा मारून परत पाठवला. वर्ष गेलं. त्यानंतर मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, दिवसा फौंड्रीचं स्टोअर आणि रात्री पुस्तकं. बी. ए. झालो तेव्हा वयाची ५१ वर्षं पुरी झाली होती. तुझं तसं होऊ नये.

फौजीच्या शिक्षणाकडं दुसरीकडे कसं पाहिलं गेलं बघ: अमेरिकेनं दुसरं महायुद्ध संपायच्या आधीच, १९४४ साली, परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाच्या खर्चाचा कायदा केला. त्या पैशावर बावीस लाखांच्या आसपास सैनिक कॉलेजात गेले. आपल्याकडे माजी सैनिकाला नोकरीत राखीव जागा आहेत, पुनर्वसनाचे छोटे अभ्यासक्रम आहेत. पण पुऱ्या पदवीचा भार उचलणारा तसा कायदा झाला नाही. त्यामुळे पेन्शनीतला माणूस शिकायला निघाला की घरच्यांना त्याचं डोकं फिरलंय असं वाटतं. अक्कावर रागावू नकोस.

तर आधी बी. ए. इग्नू आहे, नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे, घरी बसून होईल. तरी मी सांगीन, वर्गात जा. निपाणीत राहणाऱ्याला देवचंद कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर. निपाणी कर्नाटकात आणि कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. पाच मिनिटं चाललास की राज्य बदलतं, विद्यापीठ बदलतं. राज्यशास्त्र मुख्य विषय म्हणून मिळेल का, ते आधी विचारून घे. आणि अठरा वर्षांच्या पोरांच्या शेजारी बसायला लाजू नकोस. पहाऱ्यावर तुझ्या शेजारी उभी असलेली पोरं यापेक्षा फार मोठी नव्हती.

सीमेचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. देशादेशांमधलं जे राजकारण तू शिकायला निघालास, त्याचा पहिला धडा आपल्याला जन्मापासून मिळालेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण कुठल्या राज्यात, हे आपल्याला न विचारता ठरलं. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला. त्यानं निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यायची शिफारस केली, बेळगाव मात्र कर्नाटकाकडंच ठेवलं. महाराष्ट्रानं तो मानला नाही. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. नकाशावरची एक रेघ शाळेच्या पाटीवर, सातबाऱ्यावर, एसटीच्या बोर्डावर कशी उतरते, हे दिल्लीच्या पोराला पुस्तकातून शिकावं लागेल. तुला ते माहीत आहे. रॅडक्लिफची रेघ किंवा सुदानची फाळणी वर्गात आली की तू मागच्या बाकावरचा राहणार नाहीस.

आता एम. ए.चं. तुझ्या पत्रात पुण्याच्या विद्यापीठातल्या संरक्षण व सामरिकशास्त्र विभागाचं नाव पहिलं आहे. विभाग नावाजलेला आहे, तिथं फौजी माणसाला मान मिळतो, बोलीही ओळखीची. आणि नेमकं म्हणूनच मी तुला तिथं जाऊ नकोस म्हणतोय. शस्त्र, तैनाती, सीमा हे सगळं तू १७ वर्षं एका बाजूनं पाहिलंस. तीच बाजू आता इंग्रजीतून पुन्हा वाचून तुला काय मिळणार?

तू यूएनच्या शांतिसेनेत मलाकालला होतास. २०१३ च्या डिसेंबरात दक्षिण सुदानमध्ये यादवी पेटली आणि हजारो माणसं यूएनच्या तळात जीव घेऊन शिरली, तेव्हा तू तळाच्या तारेजवळ उभा होतास. सुट्टीवर आलास तेव्हा मी विचारलं, कोण कुणाला मारत होतं? तू म्हणालास, मामा, दोन जमाती आहेत, बाकी आम्हाला काय माहीत. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण १९८७ साली मीही हेच उत्तर दिलं होतं.

त्या वर्षी जुलैच्या २९ तारखेला राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करार केला आणि आम्ही शांतिसेना म्हणून श्रीलंकेत उतरलो. ज्या तमिळांच्या रक्षणाला आलो असं आम्हाला सांगितलं होतं, ऑक्टोबरात जाफन्यात त्यांच्यातल्याच पोरांशी लढाई सुरू झाली. तमिळ मला दोन शब्दांपुरती यायची: थांब, आणि हात वर. १९९० च्या मार्चमध्ये फौज परतली तोवर अकराशेहून अधिक जवान गेले होते. तो करार मी पहिल्यांदा वाचला तो बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला. वाचून संपला तेव्हा मी स्टोअरच्या कट्ट्यावर बसून रडलो. गेलेली पोरं आठवली म्हणून रडलो, आणि त्यांना यातलं एक कलमही कुणी समजावून सांगितलं नव्हतं म्हणूनही.

म्हणून सांगतो, तुला ज्या माणसांच्या तारेजवळ उभं केलं होतं, त्या माणसांचा अभ्यास कर. मुंबई विद्यापीठात, कलिन्याला, आफ्रिका अभ्यासाचं केंद्र आहे. जेएनयूमध्ये स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज आहे. १९५५ साली ती स्वतंत्र संस्था म्हणून निघाली आणि १९७० मध्ये जेएनयूत आली. तिथंही आफ्रिकेचं वेगळं केंद्र आहे, पश्चिम आशियाचं वेगळं. प्रवेश सीयूईटीच्या परीक्षेतून. पुण्यात सिंबायोसिसचीही अशी शाळा आहे. पण खाजगी फीचा आकडा पाहिल्याशिवाय पेन्शनच्या पैशाला हात लावू नकोस. कुठंही जा, विचारताना एवढं विचार: या प्रदेशावर शिकवणारा माणूस कायमचा आहे का? तिथली भाषा शिकता येते का? अरबी किंवा स्वाहिली यांतली एक तरी धर. माझे दोनच शब्द होते, त्याची शरम मला अजून वाटते.

आपल्या भागातल्या माणसाला हे जमेल का, असं मनात आणू नकोस. वडगावचे शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले, १९५३ साली कोरियात भारतीय ताबा दलाचे प्रमुख होते. मायदेशी परतायला नकार देणारे बावीस हजारांहून अधिक युद्धकैदी त्यांच्या हवाली होते. त्या कैद्यांमधले पुढारी, त्यांचे गट, त्यांचे हट्ट समजून घेतल्याशिवाय नुसत्या बंदुकीवर ते काम निभावलं नसतं. अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे परराष्ट्र सेवेत गेले आणि जपानला पोस्टिंग मिळाल्यावर जपानी शिकले.

नोकरी काय लागेल, हे अक्का विचारणार. मी खात्री देत नाही. एवढंच सांगतो, २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात हौथींनी जहाजांवर हल्ले सुरू केले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली आणि आमच्या कास्टिंगच्या पेट्या आठवडेच्या आठवडे अडकल्या. मालकापासून मोल्डरपर्यंत सगळे विचारत होते, हे हौथी कोण? अख्ख्या शेडमध्ये सांगू शकणारा एकही नव्हता. मीही थोडंच सांगू शकलो.

येत्या रविवारी बेळगावला ये. डिस्चार्ज बुक, बारावीचं मार्कशीट आणि टीसी बरोबर आण. बी. ए.चा फॉर्म आपण दोघं मिळून भरू.

तुझा
मामा