डेल्कोतली ओल

3 जुलै, सावंतवाडी

रात्रभर कोसळत होता. सकाळी चोक ओढून गाडी सुरू केली तर मिसिंग. दाणोलीपर्यंत सपाटीवर कशीबशी आली, पण आंबोली घाटाच्या पहिल्याच चढाला पिकअप नाही, सायलेन्सरमधून फटफट. वर पोचेपर्यंत इंजिन तापलं आणि सगळं सुरळीत झालं. मे महिन्यात हाच घाट ती तक्रार न करता चढत होती.

4 जुलै

मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, डेल्को ओलो झालो असतलो. कॅप, वायरी, कॉइल, सगळांच बदलूक व्हया." डेल्कोबद्दल, म्हणजे प्लगांना वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरबद्दल, त्यांचा कयास मलाही पटतो. सगळं बदलणं पटत नाही. बदललेल्या चार वस्तूंपैकी दोष कुठल्या एकीत होता हे कळलंच नाही, तर पुढच्या पावसात पुन्हा अंधारच.

आधी बाकीच्या शंका मिटवल्या. पेट्रोल बाटलीत काढून ठेवलं. तळाला पाणी साचलं नाही. कार्बोरेटरात बर्फ धरतो म्हणावं, तर तो दुखण्याचा प्रकार उलटा. पेट्रोलची वाफ होताना आतली हवा एकदम गार पडते, दमट हवेतलं बाष्प गोठतं, पण हे होतं गाडी थोडी चालल्यावर. बंद करून उभी ठेवली की इंजिनाच्या उबेनं बर्फ वितळतो. आमची गाडी गार असताना अडते आणि तापल्यावर सुधारते. राहिली नुसती दमट हवा. 30 अंशांच्या पूर्ण ओलावलेल्या हवेत बाष्प सुमारे 4 टक्के जागा अडवतं. तेवढी ताकद कमी होईल, पण चारही सिलिंडरांची सारखीच. मला ऐकू येतं ते एकाच सिलिंडरचं चुकणं.

5 जुलै

इन्सुलेटेड पकडीनं एकेक प्लगवायर क्षणभर काढून पाहिली. एक, तीन, चार काढल्या की इंजिन बसतं. दोन नंबरची काढली तरी आवाजात फरक नाही.

बॅटरीचे 12 व्होल्ट कॉइलमधून बाहेर पडताना वीस-पंचवीस हजारांपर्यंत जातात. एवढी वीज प्लगच्या फटीतूनच उडी मारील असं नाही. जी वाट सोपी, ती धरते. कॅपवर धूळ आणि तेलाचा थर बसलेला असतो. कोरडा असतो तोवर निरुपद्रवी, ओल धरली की त्यातून वीज निसटते. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेत ठिणगी पाडायला व्होल्टही जास्त लागतात. म्हणून सपाटीवर निभावलं ते घाटात उघडं पडलं. पाऊस हे कारण म्हणून पुरत नाही. ओल सगळ्याच गाड्यांवर बसते. ती फक्त आधीच दुबळी झालेली जागा दाखवते.

रात्री, जेवणानंतर

अंगणातला दिवा मालवून बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून कपड्यांना इस्त्री करताना वापरतो त्या फवाऱ्यानं वायरींवर हलके तुषार सोडले. पंखा आणि वायरी, दोन्हींपासून हात दूर. वायरी काळोखातच राहिल्या. डेल्कोवर तुषार पडताच दोन नंबरच्या खुंटीपासून क्लिपपर्यंत निळी रेघ सरसरत गेली, आणि त्याच क्षणी इंजिन चुकलं. पुन्हा फवारलं, पुन्हा तेच. इतका आनंद क्वचित होतो.

6 जुलै

कॅप काढून उजेडात धरली. पेन्सिलीनं ओढावी तशी बारीक काळी रेघ. वीज वारंवार एकाच वाटेनं गेली की प्लास्टिक जळून कार्बन होतं आणि मग ती वाट कायमची. पुसून कोरडी केली तर तासभर बरी चालेल, ओल येताच पुन्हा तेच. कॅपला इलाज नाही, बदलणंच भाग.

मीटर लावून वायरी मोजल्या. लांबीप्रमाणे फरक सोडला तर चौघींचा रोध जुळता. वायरी चांगल्या, कॉइलही चांगली. प्लग मात्र झिजलेले, फट एक मिलीमीटरच्या वर. पुस्तकात 0.8 आहे. रुंद फटीलाही जास्त व्होल्ट लागतात, म्हणजे विजेला बाहेरची वाट धरायला प्लगांनीच भाग पाडलं.

8 जुलै

नवी कॅप, रोटर, चार प्लग. वायरींच्या टोपणांत सिलिकॉन ग्रीस भरलं. मिस्त्रींना जुन्या कॅपवरची रेघ दाखवली, त्यांनी ती मागून घेतली, हाताखालच्या पोरांना दाखवायला. मग त्यांच्यासमोरच चालत्या इंजिनावर भरपूर तुषार सोडले. एकही ठोका चुकला नाही.

कॅपखालचं रबर कडक होऊन एका बाजूला चिरलंय, हे त्यांच्या लक्षात आलं. ओल तिथूनही आत जात असणार. ते इथे मिळालं नाही, कोल्हापूरहून मागवलंय. येईपर्यंत मिस्त्रींनी डेल्कोवर रबरी हातमोजा ताणून बसवलाय, बोटांच्या टोकांतून वायरी बाहेर काढून.